स्वतःचं तेल नसलेली कातडी

ऑपरेशनांमध्येही उच्चनीच असतं. बायपास झालेला माणूस शर्टाचं वरचं बटण काढून छातीवरची रेघ दाखवतो. गुडघे बदलून आलेल्या काकू आल्यागेल्याला टाक्यांची संख्या सांगतात. पित्ताशयातले खडे तर लोक बाटलीत घालून शोकेसमध्ये ठेवतात. आमच्या सोसायटीत एकांकडे आहेत, गणपतीला गेलं की बघावेच लागतात. पण गुदद्वाराचं ऑपरेशन म्हटलं, की समोरचा 'काळजी घ्या हं' म्हणतो आणि हवापाण्यावर येतो. माझं भगंदराचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी ऑफिसात 'एक छोटीशी सर्जरी आहे' एवढंच सांगितलं. बाईमाणूस म्हटल्यावर सगळ्यांनी आपापला अर्थ काढला आणि पुढे कुणी खोदून विचारलं नाही.

गंमत म्हणजे या आजाराची जाहिरात मात्र गावोगाव आहे. एसटीनं कुठेही निघा, गाव लागायच्या आधी भिंत लागते: 'मूळव्याध, भगंदर, फिशर. विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज.' अक्षरं हातभर उंच. भिंतीनं एवढ्या मोठ्यानं बोलायचं आणि माणसांनी मात्र मेडिकलच्या काउंटरवरची गर्दी पांगेपर्यंत खोकल्याच्या गोळ्या न्याहाळत उभं राहायचं.

हे दुखणं उघडपणे मिरवलं गेल्याचं माझ्या माहितीतलं एकच उदाहरण आहे, तेही फ्रान्समधलं. चौदाव्या लुईला १६८६ साली भगंदर झालं. मलमं झाली, जुलाब झाले, एनिमे झाले. शेवटी फेलिक्स नावाच्या सर्जनकडे काम आलं. राजाच्या अंगावर हत्यार चालवायचं म्हणून त्यानं आधी कित्येक महिने गोरगरीब रुग्णांवर हात साफ करून घेतला, त्यासाठी खास वाकडी सुरी घडवून घेतली आणि १८ नोव्हेंबरला व्हर्सायच्या महालात शस्त्रक्रिया केली. भूल नव्हती, ती यायला अजून दीडशेहून अधिक वर्षं होती. राजा बरा झाला, फेलिक्सला जमीनजुमला मिळाला, आणि दरबारातल्या काही हौशी मंडळींनी म्हणे काही झालेलं नसताना पार्श्वभागाला पट्ट्या बांधून फिरायला सुरुवात केली. राजाला झालं की आजारसुद्धा फॅशन होतो. लंडनमध्ये १८३५ साली फ्रेडरिक सॅमन या सर्जननं गरिबांसाठी सात खाटांचं एक इस्पितळ काढलं, ते फक्त भगंदर आणि गुदमार्गाच्या आजारांसाठी. त्याच सॅमननं १८४१ साली चार्ल्स डिकन्सचं ऑपरेशन केलं, तेही भुलीशिवाय. हे सगळं मी पालथी पडून मोबाइलवर वाचत होते. त्या दिवसांत पालथं पडण्याशिवाय दुसरं आसन नव्हतं, आणि आपल्या रांगेत पुढे राजे आणि कादंबरीकार उभे आहेत याचा थोडा दिलासाही वाटत होता.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. गुदमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. त्याच्या आतल्या बारीक ग्रंथींपैकी एखादी तुंबते, तिथे पू धरतो, गळू होतं, ते बाहेरच्या कातडीला फुटतं, आणि आतून बाहेरपर्यंत एक भुयार तयार होतं. ते आपणहून क्वचितच बुजतं. सर्जन ते उघडतात किंवा खरवडून काढतात आणि जखम तशीच उघडी ठेवतात. टाके नाहीत. मला आधी ते विचित्रच वाटलं. एवढं कापल्यावर शिवायचं नाही? पण वरून शिवलं तर आत पोकळी राहते आणि पुन्हा पू धरतो. म्हणून जखम तळापासून वर भरत आली पाहिजे. त्याला लागायचे तेवढे आठवडे लागतात. गुदमार्गाच्या वरच्या अर्ध्या भागाला कापलेलं कळत नाही, खालच्या अर्ध्या भागात मात्र संवेदना ठासून भरलेल्या. माझी जखम अर्थातच खालच्या भागात होती.

क्षारसूत्राचा, म्हणजे औषधी दोऱ्याच्या आयुर्वेदिक उपचाराचा, विचारही झाला होता. नवऱ्याच्या मामांनी तेच करून घेतलं होतं आणि ते त्याचे पक्के प्रचारक आहेत. सुश्रुतानं भगंदराला आठ महागदांमध्ये, म्हणजे बरे व्हायला अवघड अशा रोगांत बसवलं आहे आणि त्यावर क्षार लावलेल्या दोऱ्याचा उपाय सांगितला आहे. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. देशपांडे यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पुन्हा चालू केला. निवडुंगाच्या जातीतल्या स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद, अशी एकवीस पुटं चढवलेला दोरा. तो भुयारातून ओवतात आणि आठवड्याला बदलतात. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, केलेल्या तुलनेत त्या पद्धतीत जखम भरायला वेळ जास्त लागला, पण आजार उलटण्याचं प्रमाण कमी आढळलं. माझ्या भुयाराची ठेवण बघून आमच्या डॉक्टरबाईंनी सुरीच बरी म्हटलं आणि मी मान डोलावली. मामा अजून नाराज आहेत.

मला खरं बोलायचं आहे ते यानंतरच्या काळाबद्दल. ठणका गेला, पट्टीला रक्त लागणं थांबलं, ड्रेसिंग संपलं. तपासायला गेले तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान भरलीय. आता बरं झालं." घरी पेढे नाहीत पण शिरा झाला. आणि त्यानंतर, सगळ्यांच्या लेखी आजार संपल्यावर, माझं खरं पथ्यपाणी सुरू झालं. भरलेल्या जागेची कातडी कोरडी पडायला लागली. चालताना चुरचुरायची. शौचाच्या वेळी कडेला ताण येऊन बारीक चिरा पडायच्या. आणि रात्री खाज सुटायची. दुखण्याला गोळी असते, खाजेला फक्त भिंतीवरचं घड्याळ असतं. त्यातून पुण्यातला डिसेंबर. ओठ फुटत होते, टाचा फुटत होत्या, आणि जिला सगळ्यात कमी सोसवत होतं ती जागाही फुटत होती.

व्रण कोरडा का पडतो हे मला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा डॉक्टरबाईंनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेनानं काढून दाखवलं. आपल्या कातडीत तेलग्रंथी असतात, घामग्रंथी असतात, केसांची मुळं असतात. खोल जखम भरते तेव्हा शरीर भोक बुजवतं, पण या ग्रंथी पुन्हा बनवत नाही. व्रणाच्या जागी येते ती फक्त भरणी. शाबूत कातडीत कोलॅजनचे धागे टोपलीच्या विणीसारखे आडवेउभे गुंतलेले असतात, म्हणून ती कुठल्याही दिशेला ताणली जाते. व्रणात ते एकाच दिशेला, जुडीनं पडतात. त्यामुळे तो चिवट असतो पण लवचिक नसतो. वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ, शरीर ती वीण दुरुस्त करत राहतं आणि तरीही मूळच्या कातडीच्या फार तर ऐंशी टक्के ताकद येते. हा व्रण कोपरावर असता तर चाललं असतं. पण दिवसातून निदान एकदा ज्या जागेला ताणलं जाणं भाग आहे, तिथे न ताणणारी आणि स्वतःचं तेल नसलेली कातडी. म्हणजे वंगण बाहेरून द्यायला हवं, आणि ते कायमचं.

मी लगेच विचारलं, "मग काय लावू?" त्यावर त्या म्हणाल्या, "आधी काय काय लावताय ते बंद करा."

ही यादी लांब निघाली. पहिला साबण. कातडीला किंचित आम्लता लागते, पीएच पाच-साडेपाचच्या आसपास, आणि आपला नेहमीचा अंगाचा साबण असतो नऊ-दहाचा. तो मळाबरोबर कातडीचं उरलंसुरलं तेलही घेऊन जातो, आणि इथे तर आधीच ठणठणाट. मग डेटॉल. आपल्या घरांतून जखम म्हटली की डेटॉलची बाटली निघते आणि पाणी पांढरं झालं की मनाला बरं वाटतं. नव्या कातडीला तेच झोंबतं. टाल्कम पावडरही गेली, कारण ती घामात कालवून घडीत गोळे होऊन बसते आणि घासत राहते. सुगंधी काही असेल ते गेलं. शेवटी जेट स्प्रे. जोराचा फवारा म्हणजे स्वच्छता, अशी आपली समजूत असते. त्या जागेला तांब्यानं सोडलेली संथ धार पुरते. नवीन फ्लॅटमध्ये नवऱ्यानं हौसेनं बसवलेला तो चकचकीत स्प्रे तेव्हापासून फक्त फरशी धुवायच्या कामाचा आहे.

माझी बहीण अमेरिकेत असते. तिला सांगितलं तर तिनं येणाऱ्या कुणाबरोबर ओल्या वाइप्सचं भलंमोठं पाकीट पाठवलं, 'संवेदनशील त्वचेसाठी' असं लिहिलेलं. डॉक्टरबाईंनी ते परत पिशवीत टाकायला लावलं. अशा काही वाइप्समध्ये वापरलं जाणारं मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे टिकाऊ द्रव्य इतक्या लोकांना सोसेनासं झालं होतं, की तिथल्याच त्वचातज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली त्याला 'वर्षाचा अ‍ॅलर्जन' ठरवलं. असला पुरस्कार देतात हे ऐकून मला हसू आलं. बहिणीला मात्र राग आला. तिकडे कागदानं कोरडं पुसून पुसून कातडी सोलवटते म्हणूनच लोक वाइप्सकडे वळतात, तिचं म्हणणंही खोटं नाही. आपल्या आजीच्या तांब्याचं महत्त्व पटायला तिला न्यू जर्सीला जावं लागलं. आता तिनं तिथल्या बाथरूममध्ये प्लास्टिकचा मग ठेवलाय.

काढून टाकायच्या यादीतली सगळ्यात धोक्याची वस्तू माझ्याकडे नव्हती, पण पुष्कळांच्या घरी असते: खाजेवरचं 'लगेच आराम' देणारं मलम. त्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून माणूस ते महिनोन्‌महिने लावतो आणि कातडी कागदाइतकी पातळ होते. २०१८ साली सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम आहे, आणि मेडिकलवालाही आहे.

एवढं सगळं काढल्यावर उरलं पाणी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसापासून टबात बसणं सांगितलेलं होतंच, ते कोरडेपणाच्या काळातही चालू राहिलं, फक्त वेळा कमी झाल्या. मेडिकलमध्ये कमोडवर बसवायचा प्लास्टिकचा उथळ टब मिळतो. जमिनीवर बसू शकणाऱ्याला घरातलं रुंद घमेलंही चालतं. कोपर बुडवून पाणी बघायचं, सोसेल इतकं कोमट. त्यात काही घालायचं नाही. जुने डॉक्टर पोटॅशियम परमँगनेटचे चार दाणे टाकायला सांगत. पाणी गुलाबी होतं, टब तपकिरी होतो, आणि दाणे जास्त पडले तर कातडी आणखी कोरडी होते. साधं पाणीच पुरतं. खरं काम उबेचं असतं: गुदद्वाराचा स्नायू, जो दुखण्याच्या भीतीनं सतत आवळून धरलेला असतो, तो सैल पडतो. पहिल्यांदा ते सैल पडणं जाणवलं तेव्हा मी नकळत 'हुश्श' म्हटलं आणि बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "काय गं, पडलीस की काय?"

दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही. बरं वाटतंय म्हणून तासभर बसलं तर पाणीसुद्धा कातडीतलं तेल काढून घेतं आणि मग दुप्पट कोरडं पडतं. उठल्यावर पुसायचं नाही, टिपायचं. सासूबाईंनी त्यासाठी त्यांची एक जुनी सुती साडी फाडून हातरुमालाएवढे तुकडे केले, उकळून वाळवले आणि माझ्या कपाटात थप्पी लावून दिली. आतापर्यंत मी वापरलेल्या कुठल्याही टॉवेलची सर त्यांना नाही. पंचवीस वर्षं धुतलेलं सूत. कातडी किंचित ओलसर असतानाच वंगण लावायचं, हरभऱ्याच्या डाळीएवढं, बोटाच्या पेरानं, दाबत नाही तर नुसतं ठेवत. थर जाड झाला की घाम आत कोंडतो आणि वेगळंच काहीतरी सुरू होतं.

आता ते वंगण कोणतं, यावर आमच्या घरात परिषद भरली. आईचं मत खोबरेल. शेजारच्या वहिनींचं जात्यादी तेल, ज्यात जाईची पानं, कडुनिंब, हळद, जेष्ठमध, मेण आणि चक्क मोरचूद असतं. जखम उघडी असताना वैद्य ते देतात आणि मामांना त्याचा गुण आला होता. बहिणीचं व्हिटॅमिन ई. कॅप्सूल फोडून व्रणावर चोळायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण १९९९ साली सर्जरीच्या ताज्या व्रणांवर त्याची परीक्षा झाली तेव्हा व्रण काही सुधारले नाहीत, उलट साधारण एक तृतीयांश लोकांना तिथे पुरळ आलं. डॉक्टरबाईंचं मत सगळ्यात नीरस होतं: "रंग नाही, वास नाही, जाहिरात नाही, असं काहीही चालेल." म्हणजे साधी पांढरी पेट्रोलियम जेली.

या जेलीचा इतिहास वाचला आणि ती मला जरा आपली वाटायला लागली. रॉबर्ट चेझब्रो नावाचा तरुण रसायनज्ञ १८५९ साली पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला, नव्यानं सापडलेल्या तेलाच्या विहिरी बघायला गेला. तिथल्या पंपांच्या दांड्यांवर एक चिकट मेण साचायचं. मजूर त्याला वैतागलेले, पण कापलं-भाजलं की तेच खरवडून लावायचे. चेझब्रोनं ते घरी नेलं, गाळून गाळून स्वच्छ केलं, १८७२ मध्ये पेटंट घेतलं आणि व्हॅसलीन नाव दिलं. विकताना तो लोकांसमोर स्वतःचा हात भाजून घ्यायचा आणि लावून दाखवायचा. रोज चमचाभर खातो, असंही सांगायचा. शहाण्णव वर्षं जगला. खाण्याचं सोडून द्या, पण ही जेली कातडीत काही घालत नाही, फक्त आतलं पाणी उडू देत नाही. व्रणाला नेमकं तेवढंच हवं असतं.

सासूबाईंना हे पटलं नाही. खनिज तेल ते खनिज तेल. त्यांनी एके दिवशी दुपारी तांब्याची परात काढली. वाटीभर साजूक तूप परातीत घेतलं, त्यावर गार पाणी ओतलं आणि तळहातानं फेसायला लागल्या. मी पालथी पडून दारातून बघत होते. सुरुवातीला काहीच होत नाही. पिवळे रवाळ गोळे पाण्यातून सरकत राहतात, हाताला दाद देत नाहीत. पाणी गढूळ झालं की ओतून टाकायचं, नवं घ्यायचं, पुन्हा फेसायचं. हळूहळू पिवळा रंग फिका होतो. मग रवा मोडतो. मग एका धुण्यानंतर तूप पाणी आत ओढायला लागतं, फुगतं, आणि तुपाचा वास जाऊ लागतो. सासूबाई मोजायला तुळशीच्या मण्यांची माळ घेऊन बसल्या होत्या. एक धुणं, एक मणी. मध्ये चहा झाला, मध्ये नवऱ्यानं थोडा हात चालवला आणि कंटाळून उठला. शंभर धुणी होईपर्यंत संध्याकाळचे दिवे लागले होते. परातीत उरलं ते तूप म्हणून कुणी ओळखलं नसतं: पांढरंशुभ्र, लोण्याहून हलकं, बोटावर घेतलं तर आधी गार लागायचं आणि मग नाहीसं व्हायचं. शतधौत घृत. आजच्या भाषेत तेलात पाणी घुसळून केलेलं क्रीम, फक्त यंत्राऐवजी सत्तरीतला तळहात.

मी ते डॉक्टरबाईंना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी वास घेतला, बोटावर चोळून बघितलं आणि म्हणाल्या, उघड्या जखमेवर नको, भरलेल्या कातडीवर लावा, फ्रिजमध्ये ठेवा, वास बदलला की टाका. यात पाणी आहे, बुरशी धरू शकते. मी तसंच केलं. आग होत होती त्या दिवसांत त्याच्याइतकं शांतवणारं दुसरं काही मिळालं नाही. पण ते टिकत नाही, आणि सत्तरीतल्या बाईला दर पंधरवड्याला परातीशी बसवणं मला पटेना. तेव्हा सासूबाईंनी दुसरं अस्त्र काढलं.

त्या राजापूरकडच्या. तिकडे थंडीत फुटलेल्या ओठांना, टाचांना कोकमाचं तेल लावतात. तेल म्हणायचं, पण असतं घट्ट, मुठीत वळलेला अंड्याएवढा फिकट गोळा. उन्हाळ्यात आमसुलं घातली की बिया उरतात. त्या वाळवायच्या, फोडायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेला तवंग काढून थंड करायचा आणि वळायचा. घरोघरी कोनाड्यात, शिंक्यात, कुठे तरी एक गोळा असतोच. हा गोळा हवेत वितळत नाही. चाळीस अंशांच्या जवळपास विरघळतो, म्हणजे अंगाच्या उबेपेक्षा किंचित वर. त्यामुळे नखानं चिमूटभर खरवडून दोन बोटांत चोळावं लागतं, किंवा चमच्यात धरून दिव्यावर क्षणभर दाखवावं लागतं. लावल्यावर तेलासारखं पसरून कपड्याला लागत नाही, जागेवर बसतं. वास जवळजवळ नाहीच. रंग नाहीच. जाहिरात तर त्याची कुणी करतच नाही. डॉक्टरबाईंच्या तिन्ही अटींत बसलं. तेव्हापासून दिवसा जेली आणि रात्री कोकम, असा तह झाला आहे.

जखम पुरती मिटल्यावर हलकं मालीश सांगितलं होतं. त्याचा शास्त्रीय पुरावा फार भक्कम नाही, हे डॉक्टरबाईंनीच सांगितलं, पण व्रण खालच्या मांसाला चिकटून बसू नये आणि हाताळणीची सवय व्हावी म्हणून करून बघा. नखं कापलेली, हात धुतलेले, फक्त बाहेरच्या बाजूनं, दुखेल इतकं नाही. हे लिहायला सोपं आहे. आपल्या शरीराचा तो भाग आपण जन्मात पाहिलेला नसतो. पहिल्यांदा हातआरसा धरून बघितला तेव्हा मी बराच वेळ ओळख पटवत बसले. कल्पनेत केवढी तरी दरी होती. आरशात होती ती करंगळीच्या पेराएवढी गुलाबी रेघ, कडेला जराशी चकाकणारी. ऑपरेशननंतर सुरुवातीचं ड्रेसिंग नवऱ्यानं केलं होतं. तो हिशेबनीस माणूस. टॉर्च, गॉज, बेटाडीन, हातमोजे ओळीत मांडून चष्मा पुसून बसायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी म्हटलं, "अरे, तुला कसंतरी होत नाही?" तर म्हणाला, "ऑडिट आहे गं, त्यात काय कसंतरी." पंचवीस वर्षांच्या संसारात आमच्यात न बोललेल्या गोष्टी पुष्कळ उरल्या होत्या, त्यातल्या कितीतरी त्या टॉर्चच्या उजेडात निघाल्या. मी पालथी, त्याचा चेहरा मला दिसत नसे, कदाचित म्हणूनही असेल.

पण कितीही लोणी-तूप लावा, बाहेरच्या कातडीचं भवितव्य आतून ठरतं. शौचाला कडक झालं, की महिनाभराची मेहनत एका सकाळी फाटते. म्हणून इसबगोल. त्याचा मोठा व्यापार गुजरातेत उंझ्याच्या बाजारात चालतो आणि तिथून तो जगभर जातो. दोन चमचे भुसा पाण्यात टाकला की बघता बघता फुगून गिळगिळीत होतो. पोटातही तेच करतो, पण भरपूर पाणी प्यायलं तरच. पाणी कमी पडलं तर तोच आत घट्ट बसतो. मी तो रात्री मोठ्या पेल्यात घेते आणि वर आणखी एक पेला पिते. भाकरी, पालेभाजी, पपई, भिजवलेले काळे मनुके. कमोडसमोर पायाखाली पाट घेतला की कुंथावं लागत नाही. मोबाइल बाथरूमबाहेर. हे शेवटचं सगळ्यात जड गेलं.

खाज मात्र बराच काळ टिकली. भरणाऱ्या व्रणातून हिस्टामिन नावाचं खाज आणणारं द्रव्य सुटत असतं, त्यामुळे काही खाज बरं होण्याचाच भाग असते. रात्री सुटली की मी ओल्या सुती तुकड्याची गार घडी ठेवायची, सैल सुती कपडे घालायची, आणि नखं वाढू द्यायची नाही. पण प्रत्येक खाज कोरडेपणाची नसते. जागा लालभडक होऊन कडेला पुरळ पसरलं तर ती बुरशी असू शकते किंवा लावलेल्या मलमाचीच अ‍ॅलर्जी. तेव्हा आणखी वंगण चोपडत बसायचं नाही. आणि भरलेल्या जागी गुठळी लागली, ताप आला, कपड्याला पू किंवा रक्त लागलं, तर घरचे सगळे गोळे-डबे बाजूला ठेवून थेट डॉक्टर. भगंदर उलटतं, ही या आजाराची खोड आहे.

कोकमाचा गोळा यंदा लवकर संपत आला. सासूबाई तेव्हा गावी होत्या; फोनवर म्हटलं, "आई, मे महिन्यात तेल निघालं की दोन गोळे पाठवा, आणि कुणी विचारलं तर टाचांच्या भेगांसाठी म्हणून सांगा." त्या म्हणाल्या, "भेगांसाठी कशाला? मी सांगून बसलेय की, सुनेच्या भगंदराला गुण आला म्हणून." मी कपाळाला हात लावला. पुढच्या आठवड्यात वाडीतल्या एका बाईंचा फोन आला. आधी पाऊसपाणी, मग मुलांच्या परीक्षा, मग आंबा यंदा कसा. बराच वेळ झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, ती डॉक्टर बाईच आहे ना? मला गळू येऊन येऊन फुटतंय, दोन वर्षं झाली." मी नाव, पत्ता, वेळ सांगितली. येण्याआधी त्या जागी काहीही लावू नका म्हटलं, कोकमसुद्धा नाही. सोमवारची एसटी सकाळी पोचते, ओपीडी अकराला सुरू होते. मध्ये आमच्याकडे अंघोळ करून निघता येईल.